कोरडी काडी

ठमाबाई: त्या वळनावरनं नको, येवढंच सांगते. बाकी कुठं फिरायचं तिकडं फिर.

प्राप्ती: बाकी कुठं फिरून काय उपयोग, आये? वळणावरूनच जायचंय मला. सगळे उभे असताना, दादाच्याच गाडीवरून. चढ चढणार, वळणार, परत खाली येणार. पडले नाही की विषय संपला.

ठमाबाई: आनि पडलीस मंजी?

प्राप्ती: तो पाना दे जरा. तो नाही, त्याच्या शेजारचा.

ठमाबाई: इचारलं ते सांग आधी. आधी ते पुन्याचं जोडपं पडलं गाडीवरनं, आनि आता साहिल. त्याला कुठं वाटलं व्हतं आपन पडू म्हनून? रविवारी सकाळी दूध घालाय निघाला. वळनावर आला आनि मागचं चाक कुनीतरी वडलं म्हनतो. पाय मोडून बसलाय घरात. त्याची आई सुचिता नळावर आली व्हती, माझ्याकडं बघितलं पन न्हाय. बाकीच्या बायांना म्हनते, जित्तेपनी निकेश किती गुनी पोरगा व्हता, आनि आता बघा काय करतो. मला आयकू यावं म्हनूनच बोलली.

प्राप्ती: तू काही बोललीस?

ठमाबाई: काय बोलू? माझा पोरगा मेला, वर तुमच्या पोरांना पाडतो म्हनून मीच हात जोडू? हंडा तिथंच ठेवला आनि घरी आले. तुझ्या बापाचा हंडा तो, अजून तिथंच आसंल.

प्राप्ती: म्हणून तर म्हणते, मला जाऊ दे. गावकीच्या बैठकीत काय ठरलं ते पंच बाबाजीमामांनी फोनवर सांगितलं मला. सर्वपित्रीला भगत आणायचा, वळणावरचा दादाच्या नावाचा दगड उपटायचा आणि त्या जागी खिळा ठोकून त्याला बांधून टाकायचा. मी म्हटलं, त्याच्या आधी एकदा मला येऊ दे. त्याला कुणाला पाडायचंच असेल तर त्याच्या गाडीवर बसलेल्या बहिणीला आधी पाडेल. मामा म्हणाले, ये, पण अवसेच्या आत ये.

ठमाबाई: खिळा. ल्हान व्हता तवा त्याच्या पायात काटा मोडला तर रातभर मी जागी. आता त्याच्या नावानं खिळा ठोकनार, आनि मी घरात बसून ठोका आयकायचा.

प्राप्ती: नाही ठोकणार कुणी.

ठमाबाई: तुला काय वाटतं ते खरं सांग. तो हाय तिथं?

प्राप्ती: मला नाही वाटत.

ठमाबाई: मला वाटतं. पाडत न्हाय तो कुनाला, ते मी मेले तरी म्हननार न्हाय. पन हाय. सपनात येतो तवा दाराशीच उभा ऱ्हातो, आत ये म्हनलं तरी येत न्हाय. दोनी हात असे पुढं करतो. काळेकुट्ट, तेलानं भरल्याले. बोलत कायच न्हाय. मी म्हनते, काय पायजे रे बाळा, तर नुसते हात पुढं. तेल मागतो, दुसरं काय? म्हनून तर शनवारी जाते मी दगडाकडं तेल घेऊन. मंग चार दिस बरे जातात. पुन्यांदा येतो.

प्राप्ती: आये, तुला झोप लागत नाही नीट. मी म्हणते ना, माझ्याकडं पनवेलला चल थोडे दिवस.

ठमाबाई: आनि तो दाराशी येऊन उभा ऱ्हाईल त्याला कोन बघंल? तू तुझं काम कर. काय बघतेस मघापासनं त्या तेल मोजायच्या काडीकडं?

प्राप्ती: मे महिन्यात जाताना मी इंजिन ऑइलच्या टाकीत खुणेपर्यंत तेल भरून गेले होते. गाडी पावसाळाभर ओटीवर उभी, कुणी हात लावलेला नाही. आणि काडी बघ.

ठमाबाई: कोरडी.

प्राप्ती: ठणठणीत.

ठमाबाई: आनि खाली तर थेंब न्हाय सांडल्याला. मंग गेलं कुठं? मी म्हनते ते तुला पटत न्हाय. त्यानंच नेलं. थांब, घरात डबा हाय, आनते. घाल तू.

प्राप्ती: नको, आणू नको. नामाकाका येतायत, त्यांना बघू दे आधी.

ठमाबाई: कोन येतोय?

प्राप्ती: नामाकाका. मीच बोलावलंय.

ठमाबाई: ह्या घरात? ज्यानं पाइप ढिला ठेवून माझ्या पोराच्या चाकावर तेल सांडलं, त्याला तू ओटीवर आननार?

प्राप्ती: आये, ह्या गाडीचं काम जाणणारा दुसरा माणूस इथून अलिबागपर्यंत नाही. नवा मोठा पंप मी बसवला. इंजिनाच्या वरच्या भागाला, हेडला तेल पोचत नव्हतं, त्याला वेगळी नळी टाकली. फिल्टर लावला. एकच भाग राहिलाय, तो बाजारात मिळतच नाही. काकांनी स्वतः लेथवर करून आणलाय. मी मागितला तर कारण पण विचारलं नाही त्यांनी.

ठमाबाई: येऊ दे. मी बोलनार न्हाय.

नामा: प्राप्ती, येऊ का वर?

प्राप्ती: या काका, या.

नामा: वैनी, बऱ्या हाव ना?

ठमाबाई: प्राप्ती, त्याला म्हनावं बस. तिथं पाट हाय. आनि चा घेतो का इचार.

प्राप्ती: काका, चहा?

नामा: घेतो म्हणून सांग.

ठमाबाई: साखरंचा का बिनसाखरंचा, ते पन इचार.

नामा: बिनसाखरेचा. डॉक्टरनी बंद केलीय.

ठमाबाई: त्याला म्हनावं, वाळलाय त्यामुळंच.

नामा: गेल्या का आत?

प्राप्ती: गेली. मनाला लावून घेऊ नका, काका.

नामा: कशाला लावून घेऊ? निकेश गेला त्या दसऱ्यापासनं एक शब्द बोलल्या नाय माझ्याशी. रस्त्यात दिसलो तर बाजूच्या वाडीत शिरतात. आज वाळलाय म्हणाल्या, तेवढं तरी बघितलं म्हणायचं. दाखव गाडी. काय झालंय?

प्राप्ती: सकाळी ताडपत्री काढली, झाकण उघडलं, काडी कोरडी. ओटीवर डाग नाही, कुठं थेंब नाही. आये म्हणते दादा घेऊन गेला. मला ते पटत नाही, पण खरं सांगू का, काडी काढली तेव्हा मी एकटीच होते इथं, आणि माझ्या पण अंगावर काटा आला. मग इंजिनाचा खालचा बोल्ट सैल केला, तर भडाभडा तेल आलं. बादली लावावी लागली. सगळं तेल खाली उतरून बसलेलं.

नामा: बसणारच. ह्या जुन्या मशिनीची तीच तर खोड. टाकीतलं तेल पंप ओढतो, इंजिनात देतो, दुसरा पंप परत टाकीत टाकतो. गाडी रोज फिरली तर हे चक्र चालू. उभी राहिली महिनोन्महिने, की पंपातनंच झिरपत झिरपत खाली. टाकी रिकामी, पोट भरलेलं. भागोजीदादानं असलं कधी बघितलंच नसेल. तुझा बाप पावसात पण गाडी ठेवायचा नाय. गोणपाट डोक्यावर घेऊन चालवायचा.

प्राप्ती: वाचलं मी ते. म्हणून तर हा व्हॉल्व्ह मागितला तुमच्याकडं.

नामा: हा घे. आत गोळी हाय आणि बारीक स्प्रिंग. पंपानं ओढलं की गोळी उठते, तेल सोडते. पंप थांबला की बसली जाग्यावर. मग वर्षभर ठेव उभी. हां, हळू. आटे चढू देत आपले आपण, जोर नको लावू.

प्राप्ती: बसला. आणि ही इंजिनातली हवा बाहेर सोडणारी श्वासाची नळी बघा. पूर्वी मागे चेनजवळ सोडलेली होती ना? मी ती वळवून सीटखाली बाटलीत घेतलीय.

नामा: चांगलं केलंस. इंजिनात तेल जास्त झालं की ह्या नळीतनंच ओकते गाडी. आणि तोंड मागच्या चाकाकडं.

प्राप्ती: पण जास्त होईलच कसं? काडीवर खूण आहे की.

नामा: एखाद्या येड्यानं कोरडी काडी बघून वरनं आणखी ओतलं तर होईल. खालचं हायच, त्यात वरचं. मग गाडी चालू केली की एवढ्या तेलाला जागा कुठनं आणायची? थोडं अंतर जाईपर्यंत चाक न्हाऊन निघतं. माझ्या गॅरेजमधल्या कुणी असं केलं असतं तर मुस्काट फोडलं असतं.

प्राप्ती: काका, एक विचारू? रागावू नका.

नामा: विचार.

प्राप्ती: दादाच्या चाकावर तेल आलं कुठून?

नामा: कितीदा तोच विचार केलाय मी. फोन आला तसा पहिला मी पोचलो तिथं. तो पडलेला एकीकडं, गाडी एकीकडं. मागचं चाक तेलानं नुसतं निथळत होतं. त्याला दुसऱ्या गाडीत घालून नेलं लोकांनी, आणि मी तिथंच गुडघ्यावर बसून एकेक पाइप हातानं हलवून बघितला. सगळे घट्ट. ओरडून सांगितलं, पाइप घट्ट हायत. कोण ऐकतंय? पावसाच्या आधी गाडी माझ्याकडंच आली होती, एवढं पुरं झालं सगळ्यांना. लोकांचं एक सोड. पण मला माझाच भरोसा राहिला नाय, प्राप्ती. आडवा झालो की डोळ्यासमोर त्या गाडीचा एकेक नट फिरतो. हा आवळला का मी? हा आवळला का? निकेश माझ्या हाताखाली शिकला. पोरासारखा नाय, पोरगाच होता.

ठमाबाई: चा घ्या. प्राप्ती, त्याचा कप उजवीकडला. आनि त्याला इचार, पाइप घट्ट व्हते तर तेल काय आभाळातनं पडलं?

प्राप्ती: आये, नको ना आता.

ठमाबाई: न्हाय, आज बोलू दे. तवा लोक म्हनत व्हते, गाडीत तेलच नसंल, इंजिन धरलं, चाक अडकलं आसंल. खोटं हाय ते. तेल व्हतं. मी सवता घातलं व्हतं.

प्राप्ती: तू घातलं होतंस?

ठमाबाई: मंग कोन घालनार? निकेश तिकडं ट्रकवर, पावसाळाभर घरी न्हाय. गाडी अशीच ताडपत्रीखाली. दसऱ्याला सकाळी येनार, गाडीची पूजा करनार आनि मामाला सोनं द्यायाला मुरूडला जानार म्हनून सांगावा आला. मी म्हनलं, पोराला गाडी तयार मिळू दे. आदल्या दिशी बसून पुसली, चाकं धुतली, झेंडूची माळ केली. मंग तुझा बा करायचा तशी काडी वडून बघितली. कोरडी. मी म्हनलं, बरं झालं बाई बघितली. तुझा बा सांगायचा ना, काडी कोरडी दिसली तर पयलं तेल, मंगच लाथ. फळीवर नवा डबा व्हता. आख्खा घातला. खुनंपत्तर काडी भिजस्तवर घातला, येक थेंब भायेर सांडू दिला न्हाय. मंजी गाडीत तेल भरपूर व्हतं. मंग ते चाकावर आलं ते पाइपातनंच आलं. आनि पाइप कुनी लावले व्हते?

(नामा कप न पिता खाली ठेवतो.)

ठमाबाई: बघ. आता तोंड न्हाय त्याला.

प्राप्ती: दादाला सांगितलं होतंस? तेल घातलंय म्हणून?

ठमाबाई: त्यात काय सांगायचं? आला, माळ बघून हसला. म्हनला, आये, तू तर हिला नवरी केलीस. मी मनात म्हनलं, पोटपन भरलंय रे तिचं. पूजा झाली, नारळ फोडला, निघाला. घाईतच व्हता. तुझं तोंड का असं झालं?

प्राप्ती: काही नाही. ऊन लागलंय.

ठमाबाई: ऊन उतरायला लागलं, मला पन जायाचंय. शनवार हाय आज. बाटली घेते आनि जाऊन येते.

प्राप्ती: आज राहू दे ना, आये.

ठमाबाई: ऱ्हाऊ दे कसं? वाट बघतो तो.

नामा: प्राप्ती, विचार वैनींना, तेल कसलं नेतात?

ठमाबाई: त्याला सांग, गाडीचंच. दुकानातनं बाटली आनते. गोडं तेल न्हेत व्हते आधी, पन हात तर काळे दाखवतो, मंग गोडं तेल घेऊन काय करील? सगळी बाटली दगडावर उपडी करते. आधी मातीत जिरायचं लगेच, मला बरं वाटायचं, पावलं म्हनून. रस्ता रुंद केला तवापासनं दगड डांबराच्या कडंला आलाय. आता जिरत न्हाय, पसरतं. पन पोचत आसंल त्याला. लुगडं बदलून येते.

नामा: दार लोटलं का त्यांनी?

प्राप्ती: लोटलं. काका...

नामा: कळलं मला.

प्राप्ती: खाली होतंच तेल. पावसाळाभर बसलेलं. त्यावर आख्खा डबा.

नामा: कळलं म्हटलं ना. हळू बोल.

प्राप्ती: दादाला कळलं पण नाही. काडी बघितली असेल त्याने, खुणेपर्यंत ओली. गेला.

नामा: मघाशी मी काय काय बोललो. येडं म्हटलं, मुस्काट म्हटलं. वैनींनी ऐकलं काय?

प्राप्ती: नाही. आत होती, चहा टाकत होती.

नामा: इतकी वर्षं वाटायचं, एकदा कळू दे, कुठनं आलं ते तेल, मग मी मोकळा. कळलं. आणि आता वाटतंय, कशाला कळलं.

प्राप्ती: आणि दगड, काका. शेजारीच डांबर. ते पुण्याचं जोडपं पडलं ते शनिवारी संध्याकाळी. साहिल रविवारी सकाळी.

नामा: रस्ता रुंद व्हायच्या आधी कोण पडल्याचं आठवतं तुला?

प्राप्ती: कोणीच नाही. दादा सोडून.

नामा: मग झालं तर. निकेश कुणाला पाडत नाय.

प्राप्ती: हेच तर मला दाखवायचं होतं सगळ्यांना. आता नुसतं बैठकीत जाऊन सांगितलं तरी भगत येणार नाही, खिळा नाही, दादा सुटला. पण कसं सांगू? आयेच्या हातून एकदा स्वतःचाच पोरगा गेला, आणि आता दुसऱ्याची पोरं पडतायत. हे ऐकून ती उभी राहील?

नामा: नाय राहणार.

प्राप्ती: नाही सांगितलं तर खिळा. तो तरी तिला सोसणार आहे का?

नामा: बैठकीत मी बोलतो. माझा टेम्पो शनिवारी त्याच चढावरनं जातो, हॉटेलांचा माल घेऊन. ऑइल गळत होतं, माझं लक्ष नव्हतं, म्हणून सांगतो.

प्राप्ती: तुमचा टेम्पो कधी गळलाय?

नामा: वाकून कोण बघणार हाय?

प्राप्ती: साहिलचा बाप तुमच्या दारात येईल.

नामा: येऊ दे. एक बोल अंगाला लागलेलाच हाय. मेकॅनिकच्या शर्टावर आणखी एक डाग, कुणाला दिसतो?

प्राप्ती: आणि तिचं शनिवारचं तेल?

नामा: ते तू थांबव. लेक हायस, तुला सुचेल कायतरी. मी उद्या उजाडलं की साबणाची पावडर आणि वाळू घेऊन वळण घासून काढतो. गप, आल्या.

ठमाबाई: निघते मी. प्राप्ती, चुलीकडं मांजर यील, दूध झाक.

नामा: वैनी, थांबा जरा. बोलायचंय तुमच्याशी.

ठमाबाई: त्याला म्हनावं, उशीर व्हतोय मला.

नामा: पाइप माझ्याच हातनं ढिला राहिला होता.

प्राप्ती: काका, नको...

नामा: बोलू दे. पावसाच्या आधी निकेशनं गाडी आणली, त्याला घाई होती. मी हातानं नट फिरवला आणि दिली. पाना लावून आवळायचा राहून गेला. तेल तिथनंच गेलं. तुम्ही घातलं ते बरोबर घातलं, वैनी. चूक माझी. आधीच कबूल करायला पायजे होतं, हिंमत झाली नाय.

प्राप्ती: आणि आये, माझ्या पण सपनात दादा आला होता. मी बोलले नाही तुला. हात दाखवले त्याने. म्हणाला, आयेला सांग, तेल पुरे झालं मला. नुसतं फूल ठेव म्हणावं.

ठमाबाई: कवा आला?

प्राप्ती: आज पहाटे.

ठमाबाई: आज पहाटं तू झोपलीसच कुठं? पानी प्यायला उठले तवा तू हितं बसली व्हतीस, गाडीला टेकून. तुझ्या अंगावर चादर मीच टाकली.

प्राप्ती: आधी, त्याच्या आधी...

ठमाबाई: तुला ल्हानपनापासनं खोटं बोलता येत न्हाय. आनि भावजी, तुमी.

नामा: बोला, वैनी.

ठमाबाई: इतकी वर्सं तुमी न्हाय म्हनलात. मी तुमच्या दारात येऊन शिव्या घातल्या, तरी न्हाय म्हनलात. तुमच्या बायकूला, तुळशीला नळावर पानी भरू दिलं न्हाय मी, ती रडत घरी गेली, तरी न्हाय म्हनलात. देवळात घंटेला हात लावून न्हाय म्हनलात. आज माझं तेल घातल्याचं आयकलंत आनि चा निवायच्या आत व्हय म्हनलात. असं कसं?

नामा: वय झालं आता. ओझं वाटायला लागलं.

ठमाबाई: माझ्याकडं बघून बोला. प्राप्ती, तू बघ माझ्याकडं. कुनीच बघत न्हाय.

प्राप्ती: आये, इथं बस माझ्याजवळ.

ठमाबाई: मी घातलेलं तेल भायेर आलं. व्हय ना?

नामा: तसं नाय, वैनी...

ठमाबाई: काडी कोरडी व्हती हो, भावजी. माझ्या डोळ्यानं बघितली मी. पदराला पुसून परत घातली, परत वडली. कोरडीच.

प्राप्ती: कोरडीच होती, आये. आज मी काढली तेव्हा पण कोरडीच होती ना? तेल खाली जाऊन बसतं, वर दिसत नाही. तुझ्या जागी मी असते तरी भरलं असतं. बाबांनी पण भरलं असतं.

ठमाबाई: तुझ्या बानं नसतं भरलं.

प्राप्ती: भरलं असतं. विचार काकांना.

नामा: भागोजीदादानं पण भरलं असतं, वैनी. त्यानंच शिकवलं ना तुम्हाला तसं. हे खोटं नाय बोलत मी.

ठमाबाई: हात पुढं करायचा तो. मी म्हनायचे, मागतो. मागत नव्हता तर. दाखवत व्हता.

प्राप्ती: आये, पाणी घे. घोटभर घे.

ठमाबाई: खोटं सपान कशाला सांगितलंस? माझं शनवारचं तेल का बंद करायचं व्हतं तुला?

प्राप्ती: उद्या बोलू आपण.

ठमाबाई: आता सांग. बाटली हातात हाय माझ्या, न्हायतर मी निघाले.

प्राप्ती: दगडावर घातलेलं डांबरावर येतं, आये. वळणावर पसरतं. त्यावरून...

ठमाबाई: साहिल.

प्राप्ती: हो.

ठमाबाई: साहिल पन मीच.

नामा: वैनी, ते कुणाला कळायची गरज नाय. उद्या मी वळण धुवून काढतो, बैठकीत टेम्पोचं नाव सांगतो. निकेशवरचा बोल जाईल. तुमचं नाव कुठं यायचं नाय. आजपासनं बाटली तेवढी ठेवून द्या.

ठमाबाई: ही घे, प्राप्ती. लांब ठेव, मला दिसंल अशी नको ठेवू.

प्राप्ती: दे.

ठमाबाई: तुळशी घरी हाय का, भावजी?

नामा: हाय.

ठमाबाई: तिला म्हनावं, मी येते. पाया पडून घेनार न्हाय म्हनाली तरी पडते. आनि पावडर आजच काढा. उजेड हाय तवर निम्मं तरी घासून व्हईल. रविवारी सकाळी आनखी कुनाचा पोरगा दूध घालाय निघंल.

नामा: मी घासतो ना. तुम्ही कशाला?

ठमाबाई: मी सांडलं, मी घासीन. आनि बैठकीत तुमी उठायचं न्हाय. मी बोलनार. दसऱ्याचं पन सांगनार आनि दगडाचं पन.

प्राप्ती: आये, तुला कळतंय का काय बोलतेस ते? नळावर काय म्हणतील? सुचितामावशी काय म्हणेल? जन्मभर बोलतील लोक तुला.

ठमाबाई: बोलू देत. माझ्या पोराला बोलायचे तरी थांबतील.